पाऊस सुटा विकणाऱ्या एक्स्पान्शन पॅकला खुलं पत्र

श्रीयुत एक्स्पान्शन पॅक यांस,


पत्र नाटे गावाहून लिहिते आहे, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी. जैतापूरच्या खाडीकाठचं, यशवंतगडाचं हे गाव. इथे तुमचं दुकान नाही. पण मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं मुंबईहून आली की त्यांच्या लॅपटॉपमधून तुम्ही बिनबोभाट घरात शिरता आणि पाहुण्यासारखे न वागता यजमानांकडेच पैसे मागता. म्हणून आरोप तोंडावर सांगते. तुम्ही माणसाच्या रिकाम्या वेळाचे तुकडे पाडता, प्रत्येक तुकड्याला वेगळी किंमत लावता आणि पोरांच्या मनात भरवता की छंदाची सुरुवात खरेदीपासून होते.

तुम्ही ज्याच्या पाठीवर बसून आलात, त्या 'द सिम्स' या खेळाशी माझं भांडण नाही. 1991 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या आगीत विल राइट यांचं घर जळालं. घर पुन्हा उभं करताना, संसाराला नेमकं काय काय लागतं, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला आणि त्यातूनच फेब्रुवारी 2000 मध्ये हा खेळ आला. त्यात कुणाला मारायचं नाही, कुणाच्या पुढे पळायचं नाही. घर बांधायचं, माणसं वसवायची, त्यांना जेवू घालायचं. माझी भाची त्यात ओटी, पडवी, माजघर असं घर बांधते आणि न्हाणीघर हट्टाने बाहेर ठेवते. तिच्या खांद्यावरून मी ते बघत बसते. पोरीला घर कळतं, याचा मला अभिमान वाटतो.

अशा खेळाला, वेगळे पैसे भरून जोडायची पुरवणी होऊन, तुम्ही हप्ते लावलेत.

छंदांचा धंदा तुम्हाला नवा नाही. 2008 मध्ये 'द सिम्स 2'साठी 'फ्रीटाइम' नावाने आलात, तेव्हा स्वयंपाक, कलाकुसर, निसर्ग, विज्ञान, संगीत-नृत्य असे दहा छंद एका खोक्यात बांधून आणलेत. निदान दहा तरी एकत्र होते. प्रत्येक सिमचा, म्हणजे खेळातल्या माणसाचा, एक छंद जन्मापासून ठरलेला असायचा, ही त्यातली कल्पना मला मनापासून आवडते. 'द सिम्स 4'मध्ये तुम्ही हिशेबात आणखी तरबेज झालात. जुलै 2020 मध्ये विणकाम वेगळं. मार्च 2025 मध्ये कुंभारकाम आणि टॅटू, आणि त्यांच्याच जोडीला दुकान: 'बिझनेसेस अँड हॉबीज'. चाकावर पहिलं मडकं नीट बसायच्या आधीच त्याची किंमत किती लावायची, हे तुम्ही पोराला विचारता. अशा मोठ्या पॅकची अमेरिकेतली छापील किंमत 40 डॉलरला एक सेंट कमी. आजवरचं सगळं घ्यायचं तर हजार डॉलरच्या वर जातं. हा छंदाचा खर्च नाही, ही घरपट्टी आहे!

मार्च 2021 मध्ये तर तुम्ही घरातली धूळ विकलीत. 'बस्ट द डस्ट' नावाचं किट, म्हणजे तुमचंच धाकटं भावंड: घरात धूळ साठणार, ती झाडायची, आणि त्याचे पैसे खेळणाऱ्याने द्यायचे. सकाळी उठून अंगण झाडणाऱ्या बायकांच्या गावातून हे लिहिते आहे, त्यामुळे यावर अधिक शब्द खर्च करत नाही.

पण तुमचा खरा गुन्हा पावसाचा आहे. 'सीझन्स' या नावाने पाऊस तुम्ही 2007 मध्ये विकलात, 2012 मध्ये विकलात आणि 2018 मध्ये परत विकलात. 'द सिम्स 4' सप्टेंबर 2014 मध्ये आला. म्हणजे जवळजवळ चार वर्षं त्या जगातल्या घरांवर एक सर आली नाही. गरी घेऊन मासे धरायची सोय मात्र पहिल्या दिवसापासून होती. पाण्यात मासा आहे आणि आभाळात पाऊस नाही, अशी सृष्टी तुम्ही रचलीत!

नाट्यात हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मृगाचा पहिला जोराचा पाऊस कोसळला की वहाळाचं पाणी गढूळ होऊन शेतात शिरतं आणि मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. हे चढणीचे मासे. रात्री बॅटरी घेऊन, डोक्यावर प्लास्टिकचा कागद ओढून पोरं वहाळावर जातात. पुढे एक जाणता असतो. तो आधी पाण्याचा रंग बघतो, मग पाय घालून जोर बघतो, आणि मग सांगतो, थांबायचं की घरी जायचं. अंड्यांनी पोट भरलेली मासळी पाण्यात परत सोडा, असं बजावणारी एखादी आजीही मागून ओरडत असते. त्याच सुमाराला, 1 जूनपासून, यांत्रिक होड्यांची मासेमारी सरकारी नियमानेही बंद होते. पाऊस, मासा, अंधार, जाणता माणूस आणि आजीचा धाक, हे सगळं मिळून एक छंद होतो. त्यातला पाऊस काढून वेगळा विकला तर उरतं ते पडद्यावरच्या सिमच्या डोक्यावर भरत जाणारी पट्टी. पट्टी भरली की पायरी वाढली. दहाव्या पायरीला तो निष्णात. त्याला ना भरती-ओहोटी ठाऊक, ना उधाणाची भरती ठाऊक, ना भांगाची.

कुंभारकामाचंही तेच. आमच्याकडे आषाढ लागला की गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्तींचे कारखाने, गजबजतात. घरोघरचे पाट तिथे जातात आणि ज्या घरचा पाट, त्या घरची मूर्ती त्याच पाटावर घडते. संध्याकाळी दप्तर टाकून मुलं तिथे जाऊन बसतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं, आणि कुणी हाकलतही नाही. पहिल्या वर्षी माती मळायची. मग उंदीर करायचा, मग सोंड गुळगुळीत करायची, रंगात हात घालायला मिळणं तर फारच पुढची गोष्ट. डोळ्यांची आखणी मूर्तिकार स्वतः करतो, आणि त्या वेळी सगळी शाळा गप्प होते. त्या शाळेत बसायला प्रवेश फी नाही. तुमच्या पॅकमध्ये मात्र धंदा थाटला की दारात येणाऱ्याकडून पैसे घ्यायची सोय आधी असते. मुलगा आधी गल्ला शिकतो, मग माती.

तुमची बाजूही मला माहीत आहे. चित्रकार, प्रोग्रामर, संगीतकार यांना पगार द्यावे लागतात, आणि एकच खेळ इतकी वर्षं जिवंत ठेवायचा तर पैसा कुठून तरी यायलाच हवा. मान्य. नवं गाव रचलंत, नवी गोष्ट आणलीत, तर खुशाल पैसे घ्या. मेहनतीचं मोल द्यायला आम्ही नाही म्हणत नाही. पण 2014 मध्ये पोहण्याचे तलाव आणि दुडदुडणारी बाळं मूळ खेळातून गायब होती. खेळणाऱ्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा त्याच नोव्हेंबरात तलाव आले आणि जानेवारी 2017 मध्ये ती बाळं आली, दोन्ही फुकट. म्हणजे मनात असलं तर तुम्हाला जमतं. ऑक्टोबर 2022 पासून मूळ खेळही फुकट केलात. आम्ही गरीला कोलंबी फुकटच लावतो, तेव्हा त्या औदार्याचा अर्थ मला समजावून सांगू नका.

आणि ज्यांचं तुम्ही घेता, त्यांना काय देता? ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरच्या कपड्यांवरून 'फॅशन स्ट्रीट' किट काढलंत. मुंबईतल्या पोरीला मुंबईचाच सदरा घालायचा तर पैसे मोजायचे. याउलट, जगभरचे हौशी खेळाडू रात्री जागून साड्या, दागिने, भांडी तयार करतात आणि एकमेकांना फुकट वाटतात. खेळात छंद खऱ्या अर्थाने जिवंत आहे तो या लोकांकडे. तो छंद त्यांनी तुमच्याकडून विकत घेतलेला नाही.

तेव्हा मागणी एवढीच आहे. पुढचा 'सिम्स' कराल तेव्हा पाऊस, थंडी, ऊन मूळ खेळातच द्या. कुत्री-मांजरंही द्या, 2002 पासून चार वेळा विकून झाली आहेत. धूळ तर द्याच. आणि एखादा छंद असा ठेवा, की जो एका सिमने दुसऱ्या सिमजवळ नुसतं बसून शिकावा आणि त्याचं दुकान निघू नये.

चाकरमान्यांनाही एक विनंती. पोरांच्या हातातला खेळ काढून घेऊ नका, तो चांगला खेळ आहे. फक्त पुढच्या पॅकचे पैसे भरण्याआधी त्यांना पावसाळ्यात चार दिवस गावी पाठवा. गणपतीची शाळा आषाढापासून उघडी असते.

कळावे,
नाट्याची एक आत्या