मैदानावरचे चित्रगुप्त

बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये रेड सॉक्सचा बेसबॉल सामना असला की हे गृहस्थ हमखास दिसतात. वय सत्तरीपुढे, टोपी मळकी, मांडीवर पुठ्ठा, त्यावर स्कोअरकार्ड. कानावर एक पेन्सिल, खिशात दुसरी. खोडरबरही असतं, पण ते कुणाला उसनं मिळत नाही.

चेंडू भिंतीपार जातो, सगळं मैदान उभं राहून बोंबलतं. आमचे चित्रगुप्त तेवढ्यात खाली मान घालून चौकोनात रेघ ओढत असतात. नोंद झाली नाही तर होमरन झालाच कसा म्हणायचा?

त्यांच्या कागदावर माणसं नसतात, क्रमांक असतात. पिचर 1, कॅचर 2, शॉर्टस्टॉप 6. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून तो पहिल्या बेसवर गेला आणि दोन गडी एकदम बाद झाले, की कागदावर उमटतं 6-4-3. बॅट फिरवून, चेंडू हुकून बाद झाला तर ‘के’. नुसता बघत उभा राहून बाद झाला तर तोच ‘के’, पण उलटा. हा उलटा ‘के’ चित्रगुप्त इतक्या रागाने काढतात की टोक मोडतं. दुसरी पेन्सिल त्यासाठीच. ‘के’ ही खूण हेन्री चॅडविकची. इंग्लंडात जन्मलेला हा बातमीदार आधी क्रिकेटवर लिहायचा, म्हणजे तसा आपल्यातलाच.

मध्येच लघवीला लागली तर? रेड सॉक्सच्या हाडवैरी यांकीजचा खेळाडू फिल रिझुटो पुढे समालोचक झाला. त्याच्या स्कोअरकार्डावर ‘डब्ल्यूडब्ल्यू’ अशी खूण असायची, म्हणजे ‘बघत नव्हतो’. हे ऐकून चित्रगुप्त म्हणतात, “यांकीजवाला ना? मग बरोबर आहे.”

“कोण जिंकतंय?” असं त्यांना चुकूनही विचारू नये. “1960ची वर्ल्ड सिरीज घ्या,” ते सुरू करतात. “यांकीजच्या सात सामन्यांत मिळून 55 धावा, पिट्सबर्गच्या 27. आणि सिरीज कुणाची? पिट्सबर्गची, 4-3!” एवढं बोलून खुदकन हसतात. यांकीज हरल्याचा आनंद शास्त्रात गुंडाळून घेण्याची ही पद्धत.

डोळे पाणावतात ते मात्र रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सच्या नावाने. 1941च्या हंगामाचा शेवटचा दिवस, बॅटिंगची सरासरी .39955. तो घरी बसला असता तरी पुस्तकात .400च लागली असती. पण पठ्ठ्या फिलाडेल्फियात दोन्ही सामने खेळला, आठांत सहा हिट मारले आणि .406वर थांबला. शेजारचा पोरगा मोबाइलवर चेंडूचा वेग बघत असतो. “वेग पोलिसांनी बघावा,” चित्रगुप्त पुटपुटतात.

त्यांच्या आयुष्यात सल एकच. एप्रिल 1981मध्ये जवळच्याच पॉटकेटला, रेड सॉक्सच्या धाकट्या संघाचा रॉचेस्टरशी सामना लांबत गेला. पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी 32 डावांनंतर खेळ थांबला, तेव्हा प्रेक्षकांत 19 जण उरले होते. जूनमध्ये राहिलेला तेहतिसावा डाव 18 मिनिटांत आटोपला आणि पॉटकेट 3-2ने जिंकलं. रॉचेस्टरच्या डॅलस विल्यम्सला तेरा वेळा बॅट धरून एकही हिट मिळाला नाही. त्या 19 जणांत आपण नव्हतो, हे चित्रगुप्त विसरत नाहीत. दहा रकान्यांच्या कार्डावर 33 डाव मांडायला चार कार्डं लागतात, म्हणून तेव्हापासून ते चार घेऊनच येतात.

फेनवेला गेलात तर यांच्या शेजारची खुर्ची पकडा. खेळातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल, तिसऱ्या डावापर्यंत सगळं कळायला लागेल. फक्त डाव चालू असताना पॉपकॉर्नसाठी त्यांना उठवू नका, आणि खोडरबर मागू नका.