एका पेनाची मिसल

माझी उभी हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेलेली असल्यामुळे विलंब या विषयात मला थोडाफार अधिकार आहे, असे मी नम्रपणे समजतो. जमिनीच्या एका गुंठ्याच्या फेरफाराचा अर्ज तलाठ्याच्या चावडीपासून मामलेदाराच्या मेजापर्यंत कोणकोणते शेरे अंगावर घेत आणि कोणकोणत्या रुमालांत बांधला जात प्रवास करतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला एखादे काम झाले नाही या वृत्ताने धक्का बसत नाही. कागद नेमका कोठे अडला, एवढेच त्याला जाणून घ्यावेसे वाटते. सेवानिवृत्तीनंतर हातघडणीचे एक पेन करून घ्यावे अशी वासना मला झाली, ती तृप्त होण्यापूर्वी ही जुनी जिज्ञासाच अधिक तृप्त झाली.

“पेनाला वेळ किती लागतो, अण्णा?” मी पेन घडविणाऱ्या कारागिराला विचारले.

“अर्ध्या दिवसाचं काम आहे, रावसाहेब.”

“मग परवा येऊ?”

“गणपतीनंतर बघू.”

तेव्हा नुकतीच रामनवमी झाली होती. मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला असता अण्णांनी मला एका शब्दात रावसाहेब केले, त्यामुळे तक्रारीला जागा राहिली नाही. पण या दोन उत्तरांची रुजुवात घातल्यावाचून माझ्यातला कारकून स्वस्थ बसेना. मी दुकानात जाऊन बसू लागलो.

अर्ध्या दिवसाचा हिशेब अगदी चोख होता. एबोनाइटची कांडी करवतीने कापायची, लेथच्या चकात धरायची, पोटात भोक पाडायचे, टोपणाचे आणि निबेच्या मानेचे तुकडे निराळे कोरायचे, आटे पाडायचे, बाहेरून आकार द्यायचा, मग जाड्या कागदापासून बारीक कागदापर्यंत घासत जाऊन शेवटी बफावर झळाळी आणायची. एबोनाइट म्हणजे रबरात शेकडा तीसच्या आसपास गंधक घालून ते दीर्घकाळ तापविल्यावर होणारा कठीण पदार्थ. नेल्सन गुडइयर याने १८५१ साली त्याची सनद घेतली. लेथवर चढताच तो आपले कुळ उघड करतो आणि दुकानभर गंधकाचा दर्प पसरतो. घाईने भोक पाडावे तर उष्णतेने तो मऊ होतो व भोक मापाबाहेर जाते. म्हणून अण्णा थोडे कोरतात, थांबतात, चहा मागवतात, पुन्हा कोरतात. चहा हा या प्रक्रियेचा शास्त्रीय भाग आहे, हे मला पटले. आमच्या कचेरीतही तो होता, फक्त तेथे तापत काहीच नव्हते.

परंतु एकच पेन कोणी करीत नाही. आटे पाडण्याची हत्यारे एकदा लावली की हाताशी आलेल्या सगळ्या कांड्यांचे आटे त्याच बैठकीत पाडायचे, आणि झिलईचा दिवस धुळीच्या दिवसापासून कटाक्षाने दूर ठेवायचा. त्यामुळे माझी कांडी कापली गेली ती एका पंधरवड्यात, कोरली गेली दुसऱ्यात, आणि मधल्या काळात ती सजातीयांसह एका डब्यात तहकूब होऊन पडली. तिसऱ्या पंधरवड्यात निबांचे पार्सल आले नाही. मला घरच्यासारखे वाटू लागले.

या बाबतीत परंपराही मोठी आहे. राजमहेंद्रीच्या कोसुरी वेंकट रत्नम या सुवर्णकाराला गांधीजींनी १९२१ साली टाचणीपासून लेखणीपर्यंत काहीतरी रोजच्या उपयोगाचे स्वदेशी करण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. आणि त्यांचे पेन मिळून चांगले चालत असल्याची पोच गांधीजींनी वर्ध्याहून पाठविली ती १९३५ साली. चौदा वर्षे! प्रत्यक्ष प्रभू रामचंद्रांना जी मुदत लागली, ती एका पेनाला लागली. जपान्यांची गोष्ट आणखी निराळी. नामिकी कंपनीने १९२०च्या दशकापासून एबोनाइटच्या पेनांवर उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचे लेप चढवून सोन्याच्या भुकटीने चित्रे काढविली, आणि हे रोगण घट्ट व्हायला हवा दमट लागते. ज्या हवेत आमच्या कोकणात आषाढातले एक धोतर वाळत नाही, त्या हवेत यांचा लेप वाळतो. आणि तो वाळला की घासून वर दुसरा. असे लेपावर लेप चढत महिने जातात, तरी तेथे कोणी तगादा लावीत नाही म्हणे.

आमच्याकडे तगादा लागतो, आणि विलंबाचे खरे उगमस्थान मला तेथेच सापडले. अण्णांच्या भिंतीवर दोन तारा टांगलेल्या आहेत आणि त्यांत गिऱ्हाइकांचे कागद टोचलेले असतात. डावीकडची तार जवळजवळ रिकामी. उजवीकडची गच्च भरलेली. एका प्राध्यापकांनी आधी पेनाचे पोट फुगीर मागितले, ते कोरून होत असता सडपातळ मागितले, आणि सडपातळ झाल्यावर, आधीचेच बरे होते का, अशी पृच्छा केली. कोरलेले एबोनाइट पुन्हा फुगत नाही, ही वस्तुस्थिती त्यांना तीन पत्रांनी कळवावी लागली. एका वकिलांना शाई पोटात थेट भरण्याची सोय हवी होती आणि ती खिशात गळणार नाही अशी लेखी हमीही हवी होती; शाई कमी झाली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि थेंब ढकलते, हा निसर्गनियम त्यांनी प्रतिपक्षाचा युक्तिवाद समजून फेटाळला.

माझे पेन नवरात्रात निबेपर्यंत पोहोचले. अण्णांनी निबेखालची जीभ गरम पाण्यात धरून निबेला चपखल बसविली, भिंग लावून दोन्ही पाती समपातळीत आणली आणि कागद पुढे केला. इतर लोक सह्या करून पाहतात. मी सवयीने ‘वाचले, दप्तरी दाखल’ असे लिहिले, आणि तेही जन्मभर कार्बनखालच्या तीन प्रती उमटविलेल्या हाताने. निबेने पाय फाकले.

“रावसाहेब, खाली दुसरा कागद नाही,” अण्णा म्हणाले, आणि निब परत भिंगाखाली गेली. ती माझ्या हाताच्या वजनाला सरावेपर्यंत दिवाळी आली.

पेन उत्तम चालते. त्याच उत्साहात मी दुसऱ्याची मागणी नोंदविली, आणि या खेपेस अनुभवाने शहाणा होऊन डाव्या तारेचे रहस्य आधी विचारून घेतले. तेथे फक्त ‘आपल्या मर्जीप्रमाणे करावे’ असे लिहिणाऱ्यांचे कागद लागतात. त्यांची पेने आठवड्यात होतात. मी तत्काळ कागद घेतला, आकार, रंग, जाडी सर्व आपल्या मर्जीप्रमाणे करावे असे स्वच्छ अक्षरात लिहिले, खाली सही ठोकली, आणि सहीखाली, केवळ विषय निघाला म्हणून, टोपणाचा माथा किंचित चपटा असल्यास बरे, एवढी एकच ओळ जोडली. अण्णांनी कागद शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून ठेवला आणि उजवीकडची तार खाली घेतली.