शिकायला गेलीय की फिरायला?

काय हो वहिनी, परवा भजनी मंडळात कोपऱ्यावरच्या मावशी काय म्हणाल्या, आलं का तुमच्या कानावर? "पोरगी शिकायला गेलीय की फिरायला?" तोंडावर नाही हां, पाठीमागे. स्टेटस बघतात ना सगळे. या शनिवारी पॅरिस, त्या शनिवारी ॲमस्टरडॅम. मी म्हटलं, बोलू दे. पण तुमचा धाकटाही ऑक्टोबरात जायचं म्हणतोय, तेव्हा तुम्हाला तरी खरं काय ते सांगून ठेवते. उद्या हाच प्रश्न तुमच्या दारात येणार आहे.

मी उन्हाळ्यात राहून आले ना लेकीकडे, आखेनला. जर्मनीच्या पार पश्चिम टोकाला आहे, बेल्जियम आणि नेदरलँड्सला खेटून. आपण सांगलीहून मिरजेला जाऊन येतो ना, तशी तिथली पोरं परदेशात जाऊन येतात. सिटी बसमध्ये बसलं की नेदरलँड्समधलं वाल्स. तिथून वर डोंगरावर तीन देशांचा दगड आहे. डोंगर कसला, ३२२ मीटरची टेकडी ती, पण नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवर त्याहून उंच काही नाही म्हणे. लेकीने मला त्या दगडाभोवती चक्क प्रदक्षिणा घालायला लावली. तीन देश झाले, पासपोर्ट पर्समधून बाहेरसुद्धा काढला नाही! आणि ऐका, पूर्वी तिथे चौथाही तुकडा होता, मोरेस्नेट नावाचा. जस्ताच्या खाणीवरून प्रशिया आणि नेदरलँड्सचं जमेना, म्हणून १८१६ साली ना तुझं ना माझं करून मध्ये ठेवला, तो पहिलं महायुद्ध होऊन १९२० उजाडेपर्यंत तसाच. बांधावरून भांडणं काय आपल्याकडेच होतात होय?

मावशींना वाटतं आम्ही पैसे उधळतोय. अहो, गाडीभाड्याला पैसे पडतातच कुठे! सरकारी विद्यापीठ, शिक्षणाची फी नाही. दर सेमिस्टरला जी काही रक्कम भरायची, त्यातच प्रवासाचा पास येतो. त्या पासावर देशभरातल्या सगळ्या सिटी बस, ट्राम, साध्या गाड्या. फक्त जलद गाड्यांत पाय ठेवायचा नाही. मग काय, पोरं सकाळी सहाला डबा बांधून निघतात आणि पॅसेंजर बदलत बदलत जातात. कोलोन तर तासाभरावर. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर ते कॅथेड्रल उभंच. १२४८ साली पाया घातला आणि पुरं झालं १८८० साली, म्हणजे आपल्या नगरपालिकेच्या कामांना आता मी नावं ठेवायचं सोडलंय. मनोऱ्याला ५३३ पायऱ्या. लेक वर गेली, मी खाली बाकावर बसून दशम्या सांभाळल्या.

पण खरं कारण सांगू का, ही पोरं शनिवार-रविवारी घराबाहेर का पडतात? रविवार! तिथला रविवार तुम्ही बघितलेला नाही. दुकानं बंद. किराणा बंद, कपडे बंद, मॉल बंद. बेकरी सकाळी थोडा वेळ उघडते आणि स्टेशनातलं एखादं दुकान, बस्स. कायदाच आहे तसा. शनिवारी संध्याकाळी सुपरमार्केटात ही झुंबड, उद्यापासून संचारबंदी लागणार असल्यासारखी. दूध, ब्रेड, कांदे भरून घ्यायचे. विसरलात तर सोमवारपर्यंत बसा. आणि रविवारी आवाज नाही करायचा. ड्रिल नाही, खिळा ठोकणं नाही. रिकामी काचेची बरणी रस्त्यावरच्या टाकीत टाकायची, तर तीही रविवारी नाही, खळ्ळकन आवाज होतो म्हणून. माझं तर रविवारी घर झाडण्याचं सगळं वेळापत्रकच कोलमडलं. आता सांगा, बारा चौरस मीटरची खोली, त्यात पलंग, टेबल, कोपऱ्यात शेगडी. त्या शांततेत एकट्या पोरीने बसून करायचं काय? खायला उठतं हो. हिवाळ्यात तर साडेचारला अंधार. त्यापेक्षा चार जणी मिळून गाडीत बसलेल्या बऱ्या. गाडीत निदान मराठी तरी बोलतात.

पॅरिसचं विचारताय? सांगते ना. रात्रीच्या बसने जायचं, म्हणजे हॉटेलची एक रात्र वाचते. पहाटे अंग आंबलेलं, तोंड कुठेतरी धुवायचं आणि लागायचं चालायला. लूव्र म्युझियम हिला फुकट! युरोपात राहणाऱ्यांना वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत तिकीट नाही, आणि हिच्याकडे जर्मनीचं राहण्याचं कार्ड. पासपोर्ट आपला, सवलत त्यांची. तेच कार्ड पासपोर्टसोबत दाखवून शेंगेन देशांत फिरता येतं, वेगळा व्हिसा नको. लंडन मात्र त्यात नाही बरं का, तिथे जायचं तर परत कागदपत्रं, परत फी. म्हणून स्टेटसवर अजून लंडन आलेलं नाही, हे मावशींना सांगा. आणि फोटोत काय दिसतं? आयफेल टॉवर. खाली बसून खाल्लेली शेंगदाण्याची चटणी-ब्रेड दिसत नाही. बाथरूमला जायचे पैसे दिसत नाहीत. हो हो, पैसे! जर्मनीत कित्येक स्टेशनांवर एक युरो मोजल्याशिवाय दार उघडत नाही. शंभर रुपये, वहिनी! मी तर घरूनच जाऊन निघायचे.

अशाच एका फेरीहून येताना एकदा पहिलीच गाडी उशिरा, म्हणून पुढची चुकली. अकरा वाजता कुठल्याशा आडगावच्या फलाटावर ह्या चौघी, आणि पुढची गाडी पहाटे. मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही हसत. ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका.

आणि सोमवार ते शुक्रवार? ते कोणी स्टेटसला टाकत नाही. परीक्षेत तिथे उलटा कारभार. हिने आनंदाने फोन केला, "आई, एक पॉइंट तीन मिळाले!" ह्यांचा चेहराच पडला. मग कळलं, एक म्हणजे उत्तम आणि चारच्या पलीकडे नापास. आणि एकाच विषयात तिसऱ्यांदा नापास झालं की गाशा गुंडाळायचा, तो अभ्यासक्रम मग जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. त्या धास्तीने परीक्षेच्या महिन्यात ही लायब्ररीतच मुक्काम ठोकून असते. बाहेरच्या देशाचं तर सोडाच, समोरच्या बागेचाही फोटो नाही. तेव्हा नाही मावशी विचारत, पोर दिसत नाही ती!

पैशाचं तुमच्या धाकट्याला माहीत असेलच. जाण्याआधी खात्यात ११,९०४ युरो भरून दाखवावे लागतात, बारा लाखांच्या आसपास गेले ना. आणि तेही हातात येत नाहीत, दरमहा ९९२ सुटतात. त्यात भाडं, विमा, फोन, जेवण. म्हणून ही विद्यापीठातच प्राध्यापकांच्या हाताखाली काम करते, हिवी म्हणतात त्याला. आठवड्याला थोडे तास, पण हातखर्च निघतो.

काटकसर बघायचीय? हिच्या दारामागे एक मोठी पिशवी लटकवलेली, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांची. एकेका बाटलीवर २५ सेंट अनामत. चेपायची नाही, लेबल फाडायचं नाही, मशीन ते लेबल वाचतं. शनिवारी पिशवी घेऊन सुपरमार्केटात जायचं, भोकातून एकेक बाटली आत ढकलायची. आत गरगर फिरते, घेतली तर टिंग वाजतं, नाही आवडली तर परत बाहेर. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती काउंटरवर दिली की बिलातून वजा. मला इतकी गोडी लागली की जिन्यात कोणी बाटली ठेवलेली दिसली तरी हात शिवशिवायचा. लेक म्हणाली, "आई, नको, शोभत नाही." का शोभत नाही? तिथली म्हातारी माणसंही बागेतल्या बाटल्या गोळा करताना पाहिली मी. वाईट वाटलं ते बघून, श्रीमंत देश म्हणे.

खाण्याचे हाल नाहीत तसे. तुर्की दुकानात कोथिंबीर, भेंडी, हिरव्या मिरच्या मिळतात. तूरडाळ आणि पोहे इंडियन शॉपमध्ये, किंमत विचारायची नाही. आणि क्वार्क म्हणून एक प्रकार मिळतो डब्यात, दह्याच्या चक्क्यासारखाच. फडक्यात थोडा वेळ टांगला, साखर-वेलदोडा घातला की श्रीखंड. पाडव्याला वीसेक मराठी पोरं जमली होती, त्या क्वार्कचा डोंगर फस्त केला म्हणे.

काय काय द्यायचं बरोबर? छोटा कुकर द्या, आणि चांगलं जाड जाकीट तिथेच घेऊ दे, इथलं तिथे पुरत नाही. तूप आणि पेढे मात्र भरू नका. दुधाचं नि मांसाचं काही युरोपबाहेरून सामानात नेऊ देत नाहीत, पकडलं की तिथेच टाकून देतात. एवढं घरचं रवाळ तूप, जीव जळतो नुसता. गोडा मसाला, भाजणी खुशाल द्या. माझ्या एका मैत्रिणीची भाची पुढच्या आठवड्यात आखेनलाच निघालीय, तिच्या बॅगेत दोन किलोची जागा आहे म्हणाली. तुमचं यंदाचं मेतकूट झालं का हो दळून? असेल तर पाव किलो द्या मला. डबा उद्या परत करते.