पाकीट उलटं करा

मॅकरोनी-चीजचे गोठवलेले तुकडे घरी आणले, तळले, खाल्ले. आवडले. बारामतीत बसून कुणी असल्या पदार्थावर लिहायला घेतलं की ‘पोरांना हे देऊ नका’ असा उपदेश येणार, हे वाचक धरूनच चालतात. तो उपदेश इथं नाही. द्या पोरांना. फक्त विकत घ्यायच्या आधी पाकीट उलटं करा.

‘परदेशी खाणं, आपल्याला काय त्याचं?’ हा आक्षेप आधी निकालात काढू. बारामतीच्या एमआयडीसीत चीज बनायला लागून तीन दशकं होत आली. पूर्वीची डायनामिक्स डेअरी, आताची श्रायबर डायनामिक्स. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची श्रायबर फूड्स तिच्यात नंतर आली. मॅकडोनाल्ड्सनं १९९६ साली भारतात पाय ठेवला तेव्हा त्यांना चीज पुरवणारी हीच डेअरी होती. ब्रिटानियाचं चीजही कित्येक वर्षं इथंच बनलं. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या पोरांनी बर्गरमधला पिवळा काप खाल्ला, तो या पट्ट्यातल्या गायींच्या दुधाचा. पाकिटावर नाव दुसऱ्याचं असल्यामुळे आपल्याच लोकांना त्याचा पत्ता नाही, आणि मला हे फार लागतं. भिगवणच्या मासळीला नाव आहे, बारामतीच्या चीजला नाही.

मॅकरोनीही परकी नाही. चांगली मॅकरोनी ड्युरम गव्हाच्या रव्याची असते. हा गहू कडक, दाणा पिवळसर काचेसारखा, शिजला तरी लगदा होत नाही. आपला बन्सी गहू याच कुळातला. शेवयांसाठी बन्सी रवाच हवा म्हणून हटून बसणाऱ्या आजीला हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण ती चुकत नव्हती. रुखवतात मांडलेले गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे बघा. हातानं वळलेलं, वाळवून ठेवलेलं, लागेल तेव्हा शिजवायचं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं शेत बारामती तालुक्यातच, होळला आहे. गव्हाच्या चाचण्या तिथं होतात. एमएसीएस ३९४९ हे ड्युरम वाण याच संस्थेचं. दूध इथलं, चीज इथलं, गव्हाचं वाणही इथल्या मातीत तपासलेलं. आता परकं काय उरलं? थंडी तेवढी.

तर तळणीकडे येऊ. एका पाकिटातले तुकडे तोडले की आतून चीजची तार निघाली, खारट-आंबूस चव आली, मॅकरोनी दाताला लागली. दुसऱ्या कंपनीचे तुकडे बाहेरून तसेच, रंगाला उलट जास्तच पिवळे. गरम असताना फरक कळला नाही. ताटात गार झाल्यावर कळला. टाळूवर मेणचट थर बसला, आणि चव म्हणाल तर मीठ आणि वास. पाकीट उलटं केलं. घटकांच्या यादीत मैदा, मग पाणी, मग वनस्पती तेल, स्टार्च. चीज कुठंतरी शेपटाला. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. जे जास्त ते आधी. ही एक ओळ वाचता आली तरी पाकिटाची निम्मी पोल खुलते. पुढच्या बाजूला मात्र वितळत्या चीजचा भलामोठा फोटो होता.

या फोटोशी माझं भांडण आहे. तेल घालून पदार्थ करायला कुणाची ना नाही, स्वस्त विका, खुशाल विका. पण तेलाला दुधाचा मुखवटा चढवू नका. ‘चीज’ हा शब्द दूध घालणाऱ्याच्या जोरावर उभा आहे.

हिशेब साधा आहे. किलोभर चीजला साधारण १० लिटर गायीचं दूध लागतं. पाम तेलाला गोठा लागत नाही, चारा लागत नाही, पहाटेची धार लागत नाही. कारखान्यात चीजच्या जागी तेल घातलं की किलोमागे १० लिटर दुधाचं गिऱ्हाईक गेलं. इंदापूर तालुक्यात ज्याच्या घरचा किराणा, पोराची फी, पेंडेची उधारी दुधाच्या दहा दिवसांच्या पगारावर चालते, त्याला हे वेगळं सांगायला नको. २०२३च्या अखेरीला गायीच्या दुधाचे भाव असे कोसळले की लोकांनी रस्त्यावर दूध ओतलं, आणि जानेवारी २०२४ पासून सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. संकलन केंद्रावर त्याच्या दुधाचं फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ असावं लागतं, पॉइंट घसरला की पैसे कापले जातात. त्याच्या दुधाला यंत्र लावता, मग ‘चीज’च्या पाकिटाला का नाही? मोठ्या अक्षरांत, पुढच्या बाजूला, चीज किती टक्के ते छापा. माझी मागणी एवढीच आहे आणि मी ती सोडणार नाही.

आणखी एक मागणी इथल्या दूध प्रकल्पांकडे. इंदापूरला सोनाईसारखी मोठी डेअरी आहे, बारामतीत चीजचा कारखाना आहे, शीतसाखळीची गाडी रोज हायवेवरून धावते. मग खऱ्या चीजची, बन्सी किंवा ड्युरम रव्याच्या मॅकरोनीची गोठवलेली पाकिटं इथूनच का निघू नयेत? दूध टँकरनं बाहेर पाठवून आपण तालुक्याचं पोट भरतो, हे खरं. पण नफा दुधात कमी आणि दुधाच्या पुढच्या पदार्थात जास्त, हे खव्यापासून श्रीखंडापर्यंत प्रत्येक हलवाई जाणतो.

घेणाऱ्यांसाठी कामाचं थोडं. हा माल उणे १८ अंशांत राहायला हवा. पाकीट दाबून बघा, आतले तुकडे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं असेल किंवा आत बर्फाचा चुरा साचला असेल, तर वीज गेल्यावर ते विरघळून पुन्हा गोठलंय. घेऊ नका. घरी तळताना आधी बाहेर काढून ठेवू नका, मॅकरोनीतलं पाणी सुटतं, वरचा चुरा ओला होतो आणि कढईत तुकडा फुटतो. फ्रीजरमधून थेट तेलात. तेल १७५ ते १८० अंश, म्हणजे चांगलं तापलेलं पण धूर न येणारं. थोडे थोडे सोडा, एकदम ओतले की तेल थंडावतं आणि तुकडे तेल पितात. माळकरी घरांनी हिरवा ठिपका बघावा, वरच्या आवरणात काही कंपन्या अंडं वापरतात.

आणि दुकानदाराला विचाराच, यात चीज किती? त्याला सांगता आलं नाही तर पाकीट फ्रीजरमध्ये परत ठेवा, त्याच्यादेखत. चार गिऱ्हाइकांनी तसं केलं की पाचव्याच्या आधी तोच वितरकाला फोन लावेल.