ज्ञ राहून गेला

आपल्या भाषेत नारळ देण्याचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही एकाच करवंटीत सुखाने नांदतात. सत्कारमूर्तीला शालीबरोबर देतात तो नारळ, आणि मालकाने नोकरीवरून काढताना हातात ठेवला तर तोही नारळच. मागच्या मार्चमध्ये वाटूरच्या देवळाच्या सभामंडपात माझ्या खांद्यावर आधी शाल आली, मग हातात नारळ आला. टाळ्या वाजत होत्या. मी त्या नारळाच्या तीन डोळ्यांकडे बघत मनात म्हणत होतो, बाबा रे, तू दोघांतला नक्की कोणता?

वर्षभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी जालन्याहून एस.टी.ने वाटूर फाट्यावर उतरत होतो आणि संध्याकाळी दीड तास पोरांना वाचायला शिकवत होतो. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी निःस्वार्थ करावंसं वाटतं, त्यात घरच्यांचाही थोडा स्वार्थ असतो. हे सगळं ज्यांच्यामार्फत चाललं होतं त्यांनी वर्षाअखेरीला एक फॉर्म पाठवला आणि विचारलं, एकूण तास किती भरले? मी हिशोब केला. सुट्ट्या, पोळा, एस.टी.चे संप आणि माझे गुडघे वजा जाता साधारण चाळीस आठवडे, आठवड्याला तीन तास. म्हणजे १२० तास. हा आकडा मला ओळखीचा वाटला. कॉलेजात असताना राष्ट्रीय सेवा योजनेत आम्हाला वर्षाचे १२० तासच भरायचे असत. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार विद्यार्थ्यांनिशी ती योजना सुरू झाली. तिचा कोणार्कच्या रथचक्राचा बिल्ला मी छातीवर असा लावून फिरे, जणू सूर्याचा रथ मीच हाकत होतो. पण १२० तास म्हणजे सरळ पाच दिवस आणि पाच रात्री. मी वर्षभराची समाजसेवा म्हणून मिरवत होतो ती मांडून पाहिली तर एका लग्नाला जाऊन येण्याएवढी भरली. फाट्यावर गाडीची वाट बघण्यात याहून जास्त तास गेले असतील. त्यांचा रकाना फॉर्मवर नव्हता.

त्या योजनेचं घोषवाक्य ‘मी नव्हे, तुम्ही’ अशा अर्थाचं आहे. तरुणपणी ते मला फार उदात्त वाटे. निरोपाच्या दिवशी कळलं की ही आपली नेहमीची औपचारिक बोलाचाली आहे. सरपंच म्हणाले, सरांनी गावासाठी केलं. मी म्हणालो, छे छे, गावानेच माझ्यासाठी केलं. ते म्हणाले, हा सरांचा मोठेपणा. मी म्हणालो, मोठेपणा गावाचा. दारात दोन पाहुणे ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत अडकून पडतात आणि दोघंही बाहेरच राहतात, तसं आमचं आभाराचं झालं.

खरं तर आभार हे आपल्याकडे मानण्यापेक्षा ‘प्रदर्शन’ करण्याचीच गोष्ट आहे. कार्यक्रमपत्रिकेत ते शेवटी येतं, तेव्हा मागच्या रांगेतली मंडळी चपला शोधत असतात आणि कुणीतरी सतरंजीचं टोक गोळा करायला घेतलेलं असतं. नावं घेण्यात जोखीमही मोठी. मंडपवाल्याचं नाव राहून गेलं तर पुढच्या वर्षी मंडप गळतो. यातून सुटायला आपण एक वाक्य शोधून काढलंय: यांचे आभार मानून मी यांना परकं करू इच्छित नाही, मी यांच्या ऋणातच राहू इच्छितो. किती सुंदर पळवाट! घरात मात्र हा शब्द फिरकत नाही. आई वाढत असताना एखाद्याने ‘आभारी आहे’ म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. ‘आभार’मध्ये ‘भार’ आहे, तो घरात कोण ठेवून घेणार!

निरोपाच्या शब्दांची तर याहून दैना. नारळाचं सांगितलंच. ‘बोळवण’ हा केवढा मायेचा शब्द होता. लेकीला साडीचोळी देऊन, वेशीपर्यंत चालत जाऊन करायची ती बोळवण. आता तो वर्तमानपत्रात राहायला गेलाय आणि तिथे शेतकऱ्यांची कोरड्या आश्वासनांवर बोळवण होते. ‘वाटेला लावणं’चंही तेच. म्हणून असेल, आपली माणसं जायच्या वेळी ‘जातो’ म्हणतच नाहीत. मेलेली सोडून सगळी माणसं ‘येतो’ म्हणतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवासुद्धा विझवत नाहीत, शांत करतात. संपण्याचं नाव तोंडातून न काढण्याची एवढी काटेकोर काळजी घेणारी भाषा, आणि तिच्यात मी निरोपाचं भाषण लिहीत बसलो होतो.

या मुलखात न सांगता जाण्याचीही एक मोठी परंपरा आहे. वाटूरहून फार लांब नाही, शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ. तिथला बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा होता, भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि तो खरोखरच सावध होऊन मांडवातून पळाला, अशी कथा आहे. ना आभार, ना ‘येतो’. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप, मग बारा वर्षं तीर्थाटन, असं करून चोवीस वर्षांनी तो समर्थ रामदास होऊन आपल्याच दारात भिक्षा मागायला उभा राहिला. आईची दृष्टी तोवर गेलेली होती. कथेत पुढे बरंच अद्भुत आहे, पण मी तिथेच थांबतो. त्या माउलीला त्याने जाताना नुसतं ‘येतो गं’ म्हटलं असतं, तर तिने ती चोवीस वर्षं जरा वेगळी मोजली असती का? की आणखी कठीण गेली असती? (तालुकेही न सांगता जातात म्हणा. वाटूरचा परतूर तालुका आधी परभणीत होता, १ मे १९८१ ला नवा जालना जिल्हा झाला आणि तो इकडे आला. परभणीने त्याला नारळ दिल्याचं ऐकिवात नाही.)

तर समारंभ. माझं भाषण झालं, ‘ऋणातच राहू इच्छितो’सकट. मग आभाराला तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. जूनमध्ये ही मुलगी पुस्तकातलं चित्र बघून मजकूर सांगायची, आणि तो छापलेल्या मजकुरापेक्षा बरा असायचा. आता तिच्या हातात वहीचा फाडलेला कागद होता, कुणीतरी मोठ्या माणसाने लिहून दिलेला. ती बोट ठेवून ठणठणीत वाचत गेली. ‘आदरणीय’ला अडखळली नाही, ‘मार्गदर्शन’चे दोन्ही रफार तिने घोड्यासारखे ओलांडले. आणि मग बोट थांबलं. मी पुढच्या रांगेतून वाकून बघितलं. शब्द ‘कृतज्ञता’ होता.

माझ्या पोटात गोळा आला. अंकलिपीत ज्ञ अगदी शेवटी, क्षच्याही मागे, ज्ञानेश्वराच्या चित्राशी. आमचं वर्ष क्षपाशी संपलं होतं. क्षत्रिय म्हणून ढाल-तलवारवाला दिसला की पोरं रेंगाळायची आणि मी म्हणायचो, ज्ञ पुढच्या वेळी. तिने त्या अक्षराकडे अनोळखी कुत्र्याकडे बघावं तसं पाहिलं. मला भलतीच भीती वाटली. कृतज्ञ आणि कृतघ्न यांच्यात असून असून एका जोडाक्षराचंच अंतर आहे. पण पोरगी शहाणी. तिने बोट उचललं, तो शब्द तसाच मागे ठेवला आणि पुढे गेली. ‘आम्ही सर्व विद्यार्थी आपल्याबद्दल व्यक्त करतो.’

काय ते नाही. नुसतंच व्यक्त. कुणाच्या लक्षातही आलं नाही. टाळ्या पडल्या, सतरंजीचं टोक गोळा झालं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी नापास केल्यासारखी मान खाली घातली. नापास खरा कोण झाला होता ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

नातवाला न्यायला येणारी एक आजी वर्षभर सभामंडपाच्या त्याच खांबाला टेकून बसायची. तिने त्या दिवशी माझ्यापुढे पिशवी ठेवली. तुरीची दाळ, भुईमुगाच्या शेंगा आणि वर चार-पाच मोसंब्या, एकीच्या देठाला अजून हिरवं पान होतं. म्हणाली, “कामून चालले, गुर्जी?” पुण्याला लेकीकडे राहायला जाण्याबाबत माझे गुडघे आणि लेक या दोन्ही पक्षांचं एकमत झालं होतं, पण एवढं कुठे सांगत बसणार. म्हणालो, “वर्ष संपलं, आजी.” तिला ते कारण अजिबात पटलं नाही.

“वर्ष तं दरसाल संपतंय,” ती म्हणाली आणि पिशवीची गाठ आवळायला लागली.

त्या पिशवीचं वजन मी केलं नाही. पण नारळ, दाळ आणि फळं मिळून १२० तासांचा मोबदला बाजारभावाने चोख वसूल झाला असावा, त्यामुळे फॉर्मवर ‘विनामोबदला’ या शब्दापुढे खूण करताना माझा हात जरा थबकला.

फाट्यावर संध्याकाळ उतरली होती. इथून एक रस्ता जालन्याला, एक मंठ्याकडे, एक परतूरला. वाटूरमध्ये वाट आहे आणि परतूरमध्ये परत आहे, हा माझा वर्षभराचा शोध. व्युत्पत्तीच्या जाणकारांनी कानांवर हात ठेवावेत. नेहमीच्या हॉटेलात नेहमीच्या बाकड्यावर बसलो. मालक समारंभाला येऊन गेले होते, कोपऱ्यात उभं राहून त्यांनी माझं सगळं भाषण ऐकलं होतं. चहा आला. गाडीही तेवढ्यात दिसली. मी घाईने शंभराची नोट पुढे केली, गल्ल्यात सुट्टे नव्हते. माझ्या एका हातात पिशवी, काखेत शाल, दुसऱ्या हातात तो नारळ, आणि दातांत नोट धरायची तेवढी बाकी.

“राहू द्या, सर,” मालक म्हणाले. “दहाच रुपये हायेत.”

“अहो, राहू द्या कसं? मी आता मंगळवारी नाही.”

“तुम्हीच म्हनले ना मघाशी, रिनात ऱ्हायचंय म्हनून.” चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांनी गल्ल्याखालून उधारीची वही काढली, पेन झटकलं, आणि एका ओळीत लिहिलं: ‘वाचनवाले सर – १०’.

“येताल तव्हा द्या.”

कंडक्टरने घंटी दिली होती. मी पायरीवर एक पाय ठेवला आणि ओरडून म्हणालो, “येतो!”