गैरहजर गावांचे मुखत्यार

मनुष्यजातीत काही माणसे निंदेसाठी जन्मास येतात आणि काही स्तुतीसाठी; परंतु स्तुती करावयाची ती केवळ समोर नसलेल्या वस्तूचीच, असा ज्यांचा कुळाचार आहे, त्या तिसऱ्या वर्गाची दखल आमच्या पंडितांनी अद्याप घेतलेली दिसत नाही. हा वर्ग यंदाच्या लग्नात पंगतीस बसून गतवर्षीच्या लग्नातील जिलबीचे गुण गातो, रुजू झालेल्या तहसीलदारापुढे बदलून गेलेल्या तहसीलदाराचा उमाळा आणतो, आणि पावसाळ्यात थंडीची व थंडीत उन्हाळ्याची शिफारस करतो. या वर्गाचे पूर्ण विकसित स्वरूप ज्यास पाहावयाचे असेल, त्याने कन्नड तालुक्यातील मौजे देवगाव रंगारी येथे यावे आणि आमचे शेजारी भाऊसाहेब यांच्या संगतीने एखादे प्रेक्षणीय स्थळ पाहण्यास निघावे.

भाऊसाहेब महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांचे वडील निजामी अमदानीत गिरदावर असल्यामुळे दप्तरी भाषा त्यांच्याकडे वारसाहक्काने चालत आलेली आहे. सबब ते प्रवासास जात नाहीत, दौऱ्यावर जातात. स्थळ पाहत नाहीत, मोका तपासतात. आणि पानात पडलेल्या पदार्थावर मत न देता शेरा मारतात. वेरूळची चौतीस लेणी आमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर; तथापि नोकरीत असेतोवर त्यांचे तेथे जाणे महाशिवरात्रीस घृष्णेश्वराच्या यात्रेच्या बंदोबस्तापुरतेच होई, आणि बंदोबस्तावरील माणसाचे तोंड गर्दीकडे असावे लागत असल्यामुळे लेण्यांकडे त्यांची पाठच असे.

पुण्यास असलेल्या चिरंजीवांनी एका यात्रा कंपनीबरोबर भाऊसाहेबांची व वहिनींची इटलीस रवानगी केली, तेव्हा त्या मंडळीत आम्हीही होतो. पिसा येथे सर्वजण हात पुढे करून झुकत्या मनोऱ्यास टेकू देत असल्याची छायाचित्रे काढून घेण्यात दंग असता, भाऊसाहेबांनी वाटाड्यास बाजूस घेऊन सगळी कैफियत वदवून घेतली: काम ११७३ साली सुरू झाले, तिसऱ्या मजल्याच्या सुमारास जमीन खचू लागली, पुढे लढायांच्या धामधुमीत ते दीर्घकाळ तहकूब राहिले, आणि अगदी अलीकडे १९९० पासून २००१ पर्यंत दुरुस्तीसाठी मनोरा लोकांस बंद ठेवावा लागला. हे सर्व ऐकून भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि विचारले, “पाया तपासल्याशिवाय मंजुरी दिली कुणी?” वाटाड्या निरुत्तर झालेला पाहताच ते म्हणाले, “आमचा कैलास बघा. राष्ट्रकूट कृष्णराजानं आठव्या शतकात डोंगराच्या माथ्यापासून कोरत खाली आणला. शिखर आधी, जोतं मागाहून. खचायची भानगडच ठेवली नाही!” ज्या कैलासाकडे या गृहस्थांनी उभ्या नोकरीत पाठ केली, त्याची अशी रसाळ वकिली प्रत्यक्ष वेरुळातही कोणी कधी ऐकली नसेल.

सिएना येथे मात्र त्यांना क्षणभर घरी आल्यासारखे वाटले. तेथील काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या कथेड्रलचा प्रचंड विस्तार १३३९ साली हाती घेण्यात आला, १३४८ च्या प्लेगाने तो बंद पडला, आणि त्याची एक अवाढव्य भिंत अद्यापि तशीच उभी आहे. अर्धवट राहिलेले सार्वजनिक बांधकाम पाहून त्यांच्या मुद्रेवर जे ओळखीचे हास्य उमटले, ते इटलीच्या कोणत्याही चित्राने वा पुतळ्याने उमटविले नव्हते. परंतु भोजनाची वेळ झाली आणि पुनश्च मुखत्यारी सुरू झाली. तोस्काना प्रांतातील पाव रिवाजाप्रमाणे बिनमिठाचा. पिची म्हणून आलेल्या हाताने वळलेल्या जाड शेवया. आणि देयकात, ज्यास तिकडे कोपेर्तो म्हणतात, ती माणशी आकारणी निराळी. “म्हणजे बसण्याची पट्टी!” असे उद्गारून भाऊसाहेबांनी वहिनींच्या पिशवीतील शेंगदाण्याची चटणी पिचीवर सढळ हाताने पसरली आणि येसरच्या आमटीचे असे वर्णन मांडले की शेजारच्या मेजावरील बारामतीकर दांपत्याचे डोळे पाणावले. सायंकाळी जिलातोचा पेला हाती आला, तेव्हा दौलताबादच्या सीताफळांचा जयजयकार झाला, आणि तो चालू असताच पेला मात्र संपला. रोमला तर त्यांनी हॉटेलातील वाढप्यास थांबवून सांगितले की, पहिल्या शतकात आमच्या पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचे कापड गाड्यांत भरून भडोच बंदरी जाई व तेथून तुमच्याकडे येई, आणि तुमचे सोने हिंदुस्थानाकडे वाहते म्हणून तुमच्या प्लिनीनेच तक्रार लिहून ठेवली आहे. वाढप्याने नम्रपणे मान लवविली आणि देयक आणून ठेवले.

भाऊसाहेब स्वदेशी परतले आणि वकीलपत्र बदलले. पाहुण्यांना वेरूळ दाखविण्याचे काम आता आपण होऊन त्यांनी पत्करले आहे, परंतु कैलासासमोर पाहुण्याने आ वासला की ते हळूच म्हणतात, “आहे, चांगलं आहे, पण पिसाला निदान वरपर्यंत चढता तरी येतं.” दौलताबादच्या किल्ल्यात चांद मिनारापाशी त्यांचा शेरा ठरलेला: “सरळ उभा राहिला, तिथंच चुकलं. थोडा कलता, तर जगानं रांग लावली असती.” येसरची आमटी ताटात येते तेव्हा आळणी पावामुळे कालवणाची खरी चव कशी उमगते याचे निरूपण होते, आणि सीताफळाच्या रबडीवर जिलातोची श्राद्धतिथी पाळली जाते. वहिनी आमटी वाढता वाढता एवढेच म्हणतात, “तिकडं असताना हिच्यासाठी जीव टाकत होते!”

गेल्या हिवाळ्यात मात्र या मुखत्यारावर मोठा बाका प्रसंग ओढवला. कैलासाच्या प्रांगणात, दगडी हत्तीच्या छायेत, एक वृद्ध परदेशी दांपत्य उभे होते. विचारपूस करता ते सिएनाचे निघाले. भाऊसाहेबांनी तोंड उघडले आणि तसेच उघडे ठेवले. कैलासाची थोरवी सांगावी, तर कैलास डोक्यावर उभा. सिएनाची सांगावी, तर सिएना सपत्नीक समोर. दोन्ही अशील एकाच वेळी न्यायासनापुढे हजर झाल्यावर मुखत्याराने बोलावे तरी कोणाच्या वतीने? ते एकदा शिखराकडे पाहत, एकदा पाहुण्यांकडे. अखेर त्यांचा चेहरा उजळला आणि त्या वृद्ध गृहस्थाच्या खांद्यावर हात ठेवून ते इंग्रजीत निक्षून म्हणाले की, हेही ठीक आहे आणि तुमचेही ठीक आहे, परंतु हंपी पाहिल्यावाचून या देशातून हलू नका.

“ह्यांनी तरी कुठं बघितलीय हंपी!” वहिनी आमच्या कानाशी लागून म्हणाल्या.

आता हंपीचा बेत पक्का झाला असून तुंगभद्रेच्या तीरावर येसरच्या आमटीची सोय काय, याची चौकशी भाऊसाहेबांनी आतापासूनच आरंभिली आहे. आम्हीही बरोबर जाणार आहोत. मौजे देवगाव रंगारीची थोरवी एकदा त्यांच्या तोंडून सविस्तर ऐकावी, अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे; आणि ती गावात राहून पुरी होण्याजोगी नाही.