अप्पांचं हँडल

बुलेटचं हँडल बदलायला कुठल्याही गॅरेजवाल्याला फार तर तासभर लागतो. आमच्या सोसायटीतल्या अप्पांकडे हे काम मागच्या गणपतीपासून चालू आहे आणि आता कुठे त्याला रंग चढू लागलाय.

अप्पा बँकेतून निवृत्त झाले. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी अर्जदाराच्या सासऱ्याचा व्यवसाय विचारणारे म्हणून ते शाखेत प्रसिद्ध होते. घरात पंखा घ्यायचं ठरलं तेव्हा एप्रिल होता. पंखा आला तेव्हा काकूंनी गोधड्या उन्हात टाकल्या होत्या. दुकानात पैसे देऊन वस्तू घेऊन येणं हे अप्पांच्या दृष्टीनं हमालाचं काम आहे. खरा पुरुषार्थ ठरवण्यात.

झालं एवढंच, की पावसात भिजलेल्या मातीत साइड स्टँड रुतला आणि पावणेदोनशे किलोंच्या वरची ती गाडी उभ्या जागी डाव्या अंगावर आडवी झाली. क्लचच्या लिव्हरचं टोक मोडलं. लिव्हरमध्ये निवडीला वाव नसतो, त्यामुळे तो दुसऱ्याच दिवशी बसला. मग अप्पा गाडीवर बसले, एक डोळा मिटला आणि त्यांनी निकाल दिला, "डावीकडचं टोक मागं आलंय. दोन सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढा फरक पार्किंगमध्ये जमलेल्या आम्हा पाच-सहा जणांपैकी कुणालाही दिसेना. पण "दिसत नाही" म्हणालो असतो तर अप्पांनी प्रत्येकाला गाडीवर बसवून एकेक डोळा मिटायला लावला असता. आम्ही "हो, जरा आलंय खरं" म्हणून मोकळे झालो. हँडल बदलायचं हे नक्की झालं.

इथं अप्पांच्या बाजूनं एक सांगायला हवं. वाकलेलं हँडल ठोकून सरळ करू नये, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. लोखंडी नळी एकदा वाकवून परत सरळ केली की त्या जागी ती कमजोर होते. ॲल्युमिनियमची असेल तर चीर जाते आणि एखाद्या खड्ड्यात हँडल हातात येतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं हँडल २२ मिलिमीटर जाडीचं. मिस्त्री त्याला ‘सात सुती’ म्हणतात. काही गाड्यांना एक इंची लागतं, आणि महागड्या गाड्यांना मध्ये २८.६ मिलिमीटर, म्हणजे नऊ सूत. जाडी जुळली की सामान्य माणूस सुटकेचा नि:श्वास टाकतो. अप्पा तिथून सुरू होतात.

हँडल उंच घेतलं तर क्लचची वायर, रेसची वायर, ब्रेकचा पाइप, सगळंच तोकडं पडतं. आखूड आणि खाली घेतलं तर पूर्ण वळवल्यावर टाकीला लागतं आणि मध्ये अंगठा सापडतो; शिवाय सगळा भार मनगटांवर येतो, तो पुण्यातल्या गतिरोधकांवरून. रुंद घेतलं तर गाडी वळवायला हलकी लागते, पण आरसा सोसायटीच्या गेटला नमस्कार करून आत येतो. एवढं सगळं जमलं तरी स्विचची खुंटी बसायला नळीला नेमक्या जागी भोक हवं. नसलं तर हॉर्न वाजवायला जावं आणि अख्खा स्विचच गोल फिरावा. हे सारं अप्पांनी एका वहीत लिहून काढलंय. वही बँकेची आहे. वर ‘हँडल : साधक-बाधक’ असं लाल शाईत आहे. बाधकची पानं जास्त आहेत.

मग मापं. अप्पांचा सिद्धान्त असा, की डोळे मिटून हात पुढे केले की मनगटं आपोआप जिथं येऊन थांबतात, ती हँडलची जागा. यासाठी ते सोफ्याच्या हातावर घोड्यासारखे बसत. ग्रिपची जाडी हाताला जाणवावी म्हणून दोन्ही मुठींत लाटणी. एक घरचं, एक आमच्याकडून नेलेलं. मुलगा शिंप्याच्या टेपनं दोन लाटण्यांमधलं अंतर मोजी आणि अप्पा तोंडानं बुलेटचा आवाज काढीत. "त्याशिवाय हात सैल सुटत नाहीत," असं त्यांचं म्हणणं. काकूंनी दोनदा विचारलं, "पोळ्या हव्यात की हँडल?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्या दिवशी खिचडी झाली.

नाना पेठेत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. टू-व्हीलरच्या पार्टसाठी पुण्यातला माणूस शेवटी तिथंच जातो. दुकानाच्या दारात हुकांना पन्नासेक हँडलं लटकलेली. दुकानदारानं न बघता विचारलं, "गाडी कुठली, काका?" अप्पांनी उत्तर न देता खिशातून लोहचुंबक काढलं आणि एकेका हँडलाला लावत सुटले. चिकटलं की "लोखंड", घसरलं की "ॲल्युमिनियम". क्रोमवर नख घासलं, नळीच्या तोंडात टॉर्च मारून आतला गंज पाहिला. मग स्टूल मागून घेतलं, फुटपाथवर ठेवलं, हातात हँडल धरून बसले आणि लक्ष्मी रोडकडून येणाऱ्या गर्दीतून निघाले. डावीकडे झुकले. उजवीकडे झुकले. मध्येच करकचून ब्रेक मारला, कारण समोरून खरा टेम्पो येत होता. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. अप्पांनी हातानं त्याला पुढं जायची खूण केली. असं सात-आठ हँडलांवर झाल्यावर दुकानदार थकून म्हणाला, "काका, सगळी एकाच कारखान्यातली आहेत." अप्पांनी वहीत नोंद केली : ‘दुकानदाराला अभ्यास नाही.’

त्यानंतरचे दोन महिने कायद्यात गेले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड आहे. अप्पांनी आरसी भिंग लावून वाचलं. त्यात हँडलाचा उल्लेखच नाही. दुसरा माणूस इथं खूश झाला असता. अप्पांना ‘उल्लेख नाही म्हणजे मुभा आहे का?’ हा नवा प्रश्न मिळाला.

मधल्या काळात दुसऱ्या मजल्यावरच्या पोरानं त्याच्या गाडीला कानाच्या वर जाणारं हँडल लावलं, मुठी वर धरून सगळीकडे हिंडला, आठवड्यात खांदे भरून आले, काढून टाकलं आणि जुनं परत बसवलं. अप्पा म्हणाले, "उथळपणा." मला विचाराल तर हँडल निवडायची यापेक्षा चांगली पद्धत नाही.

अखेर गेल्या रविवारी गाडी सर्व्हिसिंगला गेली तेव्हा मिस्त्रीनं पुढं उभं राहून हँडलाकडे एकदा पाहिलं. "हँडलला काय नाय झालं, अप्पा. टी फिरलीय." टी म्हणजे हँडल ज्यावर बसतं तो भाग. त्यानं वरचे-खालचे बोल्ट आणि ॲक्सल ढिले केले, पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरलं आणि हँडल एक हिसका देऊन ओढलं. बोल्ट परत आवळले. दोन सूत गेलं. चहा यायच्या आत काम झालं आणि पैसेही त्यानं घेतले नाहीत.

आम्ही सगळे अप्पांच्या तोंडाकडे पाहत होतो. अप्पा गाडीवर बसले, एक डोळा मिटला, उघडला. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे आता सक्ती राहिली नाही. आता मोकळ्या मनानं निवडता येईल."

परवा त्यांनी नवी वही घेतली. आमचं लाटणं अजून त्यांच्याकडेच आहे.

तेव्हा आमच्या भागात तुमची गाडी बंद पडलीच, तर ती दुपारी साडेबारा ते एकच्या दरम्यान ढकलत न्या; अप्पा त्या वेळी जेवत असतात. तरीही गाठ पडलीच तर पेट्रोल संपलंय असं मात्र सांगू नका. पंप निवडून देतील.